एक किलो मटार आणि वहीतला रिकामा रकाना

काटा शून्यावर येतो. बारावीतली एक मुलगी शेंगांची पिशवी त्यावर ठेवते, दोन शेंगा काढते, एक परत टाकते. आकडा स्थिरावतो. बरोबर एक किलो. बाकांवरची मुलं माना उंचावून बघताहेत. कोपऱ्यातल्या किराणा दुकानातून तासाभरासाठी मागून आणलेला हा काटा म्हणजे आजच्या वर्गाची प्रयोगशाळा. फळ्यावर एकच ओळ आहे : ‘एक किलो मटर’. त्याखाली चार रकाने आखलेत आणि चारही कोरे आहेत.

फेब्रुवारी चालू आहे, सकाळचे अकरा वाजलेत, आणि मी मोठला आले आहे. झाशी जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. झाशीपासून पन्नासेक किलोमीटरवर, कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. झाशी-कानपूर रेल्वेचं स्टेशनही गावाला आहे. खिडकीतून दिसतात ती गव्हाची शेतं, मध्येच हरभरा आणि मटार. सकाळी झाशीहून निघाले तेव्हा धुकं होतं. परीछाला बेतवेवरचा बंधारा आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, चिरगाव गेलं आणि मोठ येईपर्यंत ऊन चांगलं तापलं. रस्ताभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भेटल्या. त्यांत पोत्यांवर पोती, आणि पोत्यांच्या विणीतून डोकावणारा तो हिरवा रंग.

मी महाराष्ट्रात कॉमर्स शिकवते. झाशीत आमचे नातेवाईक आहेत. तिथल्या जुन्या मराठी घरांपैकीच ते एक घर. त्यांच्या ओळखीनं इथल्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेनं मला बोलावलं. “आमचा कौशल्याचा तास बघायला या,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मुलं त्यांना ‘मॅम’ म्हणतात आणि मला ‘महाराष्ट्रवाली मॅम’.

हा तास इथं कुठून आला ते थोडक्यात सांगते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार उत्तर प्रदेशातल्या विद्यापीठांत २०२१-२२ पासून पदवीच्या पहिल्या चार सत्रांत एकेक व्यावसायिक विषय आला. प्रत्येक सत्राला ३ क्रेडिट. बी.ए.चा विद्यार्थी असो की बी.एस्सी.चा, हा विषय सुटत नाही. एक वर्ष पूर्ण करून थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, अशा पायऱ्या. झाशीचं बुंदेलखंड विद्यापीठ १९७५चं. आसपासच्या जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याशी जोडलेली. झाशीसारख्या शहरात विषय निवडायला वाव असतो. मोठसारख्या गावात मॅमनी निवडलेला विषय दारातूनच चालत आला आहे. फेब्रुवारीत इथं सगळं गाव मटाराचंच असतं.

आज त्यांनी मुद्दाम चार पातळ्यांची मुलं एका खोलीत बसवली आहेत. पुढच्या बाकांवर शेजारच्या इंटर कॉलेजातल्या बारावीच्या मुली. त्यांच्यामागे बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलं, मग बी.कॉम.चं तिसरं वर्ष. आणि दाराजवळच्या खुर्चीवर एक तरुण, जो विद्यापीठात एम.बी.ए. करतो. घर मोठचंच. सुट्टीला आलाय.

“दोघी या,” मॅम म्हणतात. “सोला. आणि कोणीतरी घड्याळ लावा.”

बारावीच्या दोन मुली वर्तमानपत्र पसरून बसतात. बोटं सराईत आहेत. अंगठ्यानं शेंगेच्या टोकावर दाब, चट् असा आवाज, आणि दाणे टपटप ताटलीत. कोणी बोलत नाही. वर्गभर कोवळ्या मटाराचा गोडसर वास पसरतो. शेवटची शेंग सोलली जाते तेव्हा घड्याळ लावणारा मुलगा ओरडतो, “दस मिनट!”

दाणे काट्यावर जातात. ४५० ग्रॅम. टरफलांचा ढीग वर्तमानपत्रावर उरतो. तो एवढा मोठा दिसतो की मागच्या बाकावरून कोणीतरी हळहळतं.

पहिला रकाना भरायला मॅम बारावीच्या मुलीला पुढे बोलावतात. बुंदेलीत मुलीला ‘मोडी’ म्हणतात. मॅम प्रेमानं तशीच हाक मारतात आणि माझ्या मराठी कानांना क्षणभर जुन्या दप्तरांतली लिपी आठवते. मुलीचं गणित चोख आहे. आज मंडीत शेंगांचा भाव किलोला २० रुपये. एक किलो दाणे हवे तर सव्वादोन किलो शेंगा लागतील. म्हणजे माल ४५ रुपयांचा. पिशवी आणि बसचं भाडं मिळून किलोमागे १० धरले. झाले ५५. झाशीत सोललेले ताजे दाणे ११० रुपये किलोनं विकले जातात, हे ती मामीकडून ऐकून आलीय.

“मॅम, ५५ रुपये सुटले! दुप्पट!”

वर्ग टाळ्या वाजवतो. मॅम वाजवत नाहीत. त्या फळ्यावर बोट ठेवतात. हिशेबातल्या मधल्या एका ओळीत ‘मजुरी’ असं लिहिलंय आणि पुढची जागा रिकामी आहे.

“हे राहिलं.”

मुलगी गोंधळते. “पण मॅम, सोलणार तर घरचीच माणसं. अम्मा, मी आणि चाची. मजुरी कसली?”

खोलीत शांतता पसरते. मुलीच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य आहे. तिनं काही चुकीचं सांगितलेलं नाही. तिच्या घरात, माझ्या घरात, आपल्या सगळ्यांच्या घरांत हे असंच धरलं जातं. शेतातून घरात आलेला माल विकला जाईपर्यंत त्यावर जेवढे हात फिरतात, ते हिशेबात येतच नाहीत. बाहेरचा मजूर आला की त्याचे पैसे लिहायचे. आई बसली की काही लिहायचं नाही.

मॅम आवाज चढवत नाहीत. “एक किलो शेंगा दोघींनी दहा मिनिटांत सोलल्या. एकटीला किती?”

“वीस मिनिटं.”

“सव्वादोन किलो?”

“पंचेचाळीस मिनिटं.”

“शेतात निंदणीला बाई लावली तर तासाला किती देता?”

मागून वेगवेगळे आकडे येतात. शेवटी वर्ग ४० रुपयांवर येऊन थांबतो.

“मग पाऊण तासाचे?”

“तीस,” मुलगी हळू आवाजात म्हणते. आणि खडू घेऊन ती स्वतःच रिकाम्या जागेत ३० लिहिते. खर्च ८५ होतो, नफा २५ वर येतो. ती फळ्याकडे बघत उभी राहते. मी तिच्याकडे बघत राहते. वीसपंचवीस वर्षं मी उत्पादन खर्चाचं पत्रक शिकवत आले. प्रत्यक्ष माल, प्रत्यक्ष मजुरी, प्रत्यक्ष खर्च, हे शब्द माझ्या तोंडात इतके बसलेत की झोपेतही म्हणेन. पण ‘प्रत्यक्ष मजुरी’ या ओळीत एका मुलीला पहिल्यांदाच तिची आई दिसते आहे, हे मी आज बघते आहे.

बी.ए.ची पोरं आता सरसावतात. सर्टिफिकेटच्या पातळीवर किंमत काढणं हाच त्यांचा धडा आहे. एक जण विचारतो, गरम पाण्यातून काढून, गार करून, फ्रीजरमध्ये टाकून उन्हाळ्यात विकले तर? मॅम ‘हओ’ म्हणतात (बुंदेलीतलं ‘हो’) आणि त्यालाच हिशेब करायला लावतात. गॅस, बर्फ, फ्रीजरचं वीजबिल, आणि वीज गेली तर वाया जाणारा माल. मांडता मांडता त्याच्याच लक्षात येतं की यंत्रावर सोलून गोठवणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या भावाशी हातानं सोललेला दाणा टिकणार नाही.

“मग आपण काय विकतो?” मॅम विचारतात.

उत्तर एका मुलीकडून येतं. झाशीत आतेच्या घरी राहून आलेली मुलगी आहे. “टाइम, मॅम. झाशीतल्या नोकरीवाल्या बायकांना सोलायला वेळ नाही. आम्ही त्यांना पाऊण तास विकतो.”

मला वहीत लिहून घ्यावंसं वाटतं आणि मी लिहून घेते.

आता तिसऱ्या वर्षाच्या मुलांची पाळी. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. झाशीत विकणार कोण? दारोदार जायचं की दुकानात ठेवायचं? दुकानदार फुकट ठेवणार नाही. किलोमागे १५ रुपये त्याचे. म्हणजे आपल्या हाती ९५, खर्च ८५, उरले १०. पंचावन्नाचे पंचवीस झाले होते, पंचवीसाचे दहा होतात. वर्गातला सकाळचा उत्साह ओसरल्यासारखा वाटतो. मॅम मात्र खुलल्या आहेत.

“दहा वाईट आहेत का? त्या तीस रुपयांचं काय? ते कुठं गेले?”

“अम्माकडे,” पुढच्या बाकावरून उत्तर येतं.

“म्हणजे घरात चाळीस राहिले. पण त्यातले तीस मेहनतीचे आणि दहा धंद्याचे. दोन्ही एकत्र केलेत तर धंदा चालतोय की बुडतोय ते कधीच कळणार नाही.”

दाराजवळचा एम.बी.ए.वाला इतका वेळ गप्प होता. आता तो उठून फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहू लागतो. समजा रोज ५० किलो दाणे पाठवले. खर्च ८५ गुणिले ५० म्हणजे रोजचे ४,२५० रुपये. नफा रोजचा ५००. हंगाम दोन महिन्यांचा धरला तर ३०,००० रुपये. इथवर सगळे माना डोलावतात. मग तो विचारतो, “दुकानदार पैसे कधी देणार?”

“आठ दिवसांनी देतात,” कोणीतरी सांगतं.

“शेंगांचे पैसे तर रोज द्यावे लागतात. बायकांची मजुरीही रोज. आठ दिवसांचे किती?”

चार हजार दोनशे पन्नास गुणिले आठ. चौतीस हजार. खोलीतली सगळी मुलं एकाच वेळी तो आकडा बघतात. अख्ख्या हंगामाचा नफा तीस हजार आणि दुकानदाराकडे अडकून पडणार चौतीस हजार. तो पुढे काही बोलत नाही. आठाच्या जागी फक्त दोन लिहितो. अडकलेली रक्कम ८,५०० वर येते. भाव तोच, माल तोच, मजुरी तीच. बदलली ती फक्त पैसे देण्याची मुदत.

हे बघताना मला एक गोष्ट लख्ख कळते. व्यवसाय शिक्षणाच्या पातळ्या म्हणजे काय, हे आम्ही इतकी वर्षं तासांत आणि क्रेडिटांत मोजत आलो. इथं ताटलीतले मटार तेच आहेत, पण प्रत्येक पायरीवर प्रश्न बदलतो आहे. बारावीची मुलगी विचारते, किती निघाले. पहिल्या वर्षाचा मुलगा विचारतो, कितीला पडले. तिसऱ्या वर्षाचा विचारतो, विकणार कोण आणि तो काय घेणार. आणि वरचा विद्यार्थी विचारतो, पैसा कधी येणार आणि तोवर कोणाचा वापरायचा. आधीचा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचा विचारताच येत नाही. रिकाम्या रकान्यात ते तीस रुपये पडले नसते तर वरच्या मुलाचे चौतीस हजारही चुकले असते.

दुपारी एक वाजता वर्ग सुटतो आणि आम्ही बाजारात निघतो. मॅमनी बारावीच्या दोघींना आणि तिसऱ्या वर्षाच्या दोघांना बरोबर घेतलंय. तहसिलीच्या गावाचा बाजार आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखाच. मोबाइलची दुकानं, बी-बियाण्यांची दुकानं, एका कोपऱ्यात तळली जाणारी कचोरी, सायकलीवर ऊस. पुढे मंडीच्या बाजूला आढत्यांच्या गाद्या. त्यांतल्या एकावर आम्ही बसतो. म्हाताऱ्या आढत्याला सगळे ‘दद्दा’ म्हणतात. चिरगावचे कवी मैथिलीशरण गुप्त यांनाही लोक दद्दाच म्हणत, हे मला एक मुलगा अभिमानानं सांगतो.

चिरगाव इथून वीसेक किलोमीटरवर. गुप्त तिथल्या व्यापारी घरात १८८६ साली जन्मले आणि त्यांची पुस्तकं चिरगावच्याच ‘साहित्य सदन’मधून निघून देशभर गेली. एवढ्याशा गावात बसून पुस्तकं छापायची, विकायची आणि त्यांचा हिशेब ठेवायचा, हाही धंदाच होता, असं मॅम मुलांना सांगतात. मोठं काही करायला गाव सोडावंच लागतं असं नाही, एवढं त्यांना सुचवायचंय.

दद्दा गादीखालून बही काढतात. लाल कापडाची, लांबट, मधोमध दुमडलेली, दोरीनं बांधलेली. पानं पिवळसर आहेत, शाई गडद. समोर एक कॉम्प्युटर आहे. बिलं त्यावर निघतात, जी.एस.टी.चं काम मुलगा बघतो. पण उधारी अजून याच बहीत लिहिली जाते. एका पानावर दद्दा बोट ठेवतात. डाव्या बाजूला आले ते, उजव्या बाजूला गेले ते. पैसे मिळाले की ओळीवर एक तिरपी रेघ. काही पानांवर सगळ्या ओळी कापलेल्या, काहींवर दोनतीन मोकळ्या.

“तुमच्याकडे याला काय म्हणतात?” मॅम मला विचारतात.

“रोजच्या नोंदीला कीर्द आणि खात्यानुसार मांडणीला खतावणी,” मी सांगते. दद्दा ‘कीर्द’ हा शब्द दोनदा म्हणून बघतात आणि हसतात.

बारावीची मोडी धीर करून विचारते, “दद्दा, उधारी द्यायची कशाला? रोख का नाही घ्यायचं?”

दद्दांचं उत्तर मी जसंच्या तसं मनात साठवते. “बेटी, रोखीवर गिऱ्हाईक येतं, उधारीवर टिकतं. पण उधारी द्यायची ती आपल्या पैशातून, दुसऱ्याकडून आणलेल्या नाही.”

सकाळी फळ्यावर मांडलेला चौतीस हजारांचा धडा या एका वाक्यात आहे. तिसऱ्या वर्षाची दोन्ही मुलं एकमेकांकडे बघतात.

चहा येतो. बोलता बोलता विषय कर्जावर येतो. उत्तर प्रदेश सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये तरुणांसाठी एक उद्योजकता योजना सुरू केली. वय २१ ते ४०, शिक्षण किमान आठवी, आणि पाच लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज. मुलांच्या तोंडी हे आकडे पाठ आहेत. तिसऱ्या वर्षातला एक मुलगा यंदा एकविसाचा होतोय आणि अर्ज भरायच्या तयारीत आहे. काय करणार असं विचारलं तर म्हणतो, “अजून ठरलं नाही, आधी कर्ज तर मिळू दे.”

मॅम कप खाली ठेवतात. “तू आधी दहा किलो दाणे झाशीला पाठव. दुकानदाराकडून पैसे वसूल करून आण. मग आपण अर्ज भरू. मी स्वतः बसेन तुझ्याबरोबर.” त्याला थोडं लागतं, पण दद्दाही मान डोलावतात.

मलाही हेच म्हणायचं होतं. पाच लाख ही वाईट गोष्ट नाही. जिथं बँकेच्या दारात उभं राहायला तारण लागायचं, तिथं अशी योजना येणं मोठी गोष्ट आहे. पण कर्ज ही वरची पायरी आहे. खालच्या तीन चढल्याशिवाय तिथं पाय ठेवला तर पाच लाख माल-मजुरीतच विरून जातील आणि मुलाला कळणारही नाही कुठं गेले.

बाजारातून परतताना एका मुलीचं बोलणं मला अडवतं. तिची आई दूध घालते. संकलन केंद्रावर रोज पावती मिळते. तिच्या दप्तरात एक पावती आहे. ती मला उलगडून दाखवते. छोटासा कागद, त्यावर लिटर, फॅट, एस.एन.एफ., दर आणि रक्कम. “अम्मा शाळेत गेली नाही,” ती म्हणते, “पण फॅट कमी आला की तिला लगेच कळतं. दुसऱ्या दिवशी म्हशीच्या चाऱ्यात फरक करते.”

बुंदेलखंडात ‘बलिनी’ ही महिला दूध उत्पादकांची कंपनी २०१९ पासून काम करते. तिच्या सभासद बायका आहेत, आणि दुधाचे पैसे थेट त्यांच्या बँक खात्यात येतात. हजारो बायकांच्या हातात हिशेबाचा पहिला कागद आला तो असा. त्या पावतीवर माल आहे, प्रत आहे, दर आहे आणि रक्कम आहे. नाही ती एकच गोष्ट. पहाटे चारला उठून केलेल्या कामाची मजुरी. मी मुलीला ते दाखवते. ती पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे बघते.

“इथं लिहू?”

“लिही.”

पुढच्या गल्लीत बी.ए.तला एक मुलगा भेटतो. त्याची मावशी झाशीत कापडी खेळणी शिवते, नगावर. सॉफ्ट टॉय हे झाशी जिल्ह्याचं ‘एक जनपद एक उत्पाद’ योजनेतलं उत्पादन. योजना २४ जानेवारी २०१८ ला सुरू झाली आणि प्रत्येक जिल्ह्याला एकेक ओळख मिळाली. शेजारच्या जालौनला काल्पीचा हातकागद, झाशीला खेळणी. मुलगा पुढच्या सत्रात तोच विषय घेणार आहे. मी त्याला एवढंच विचारते, मावशी एक अस्वल किती वेळात शिवते? त्याला माहीत नाही. “आज फोन करून विचारतो,” म्हणतो. मॅम माझ्याकडे बघून हसतात.

चार वाजता आम्ही पुन्हा त्याच खोलीत. ऊन तिरपं झालंय, खडूची धूळ त्यात तरंगते आहे. ताटलीतले दाणे कोणीतरी झाकून ठेवलेत. टरफलं शिपाईकाका गाईसाठी घेऊन गेले. मॅम उपस्थितीचं पुस्तक भरतात आणि मी फळ्यासमोर बसून माझ्या राज्याचा विचार करते.

आपल्याकडे हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र साताऱ्याच्या मातीत रुजवलं. तिथं मुलं घाम गाळून शिकली. नंतर बारावीच्या पातळीवर किमान कौशल्याचे व्यवसाय अभ्यासक्रम आले. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची बी.व्होक.ची योजना आली. त्यातही डिप्लोमा, ॲडव्हान्स डिप्लोमा आणि पदवी अशा पायऱ्या. नव्या धोरणाबरोबर आपल्या कॉलेजांत व्होकेशनल स्किल कोर्स आला, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आलं, आणि पहिल्या वर्षाला ४.५, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ५.५ असे स्तरांचे आकडे ठरले. कागदावर जिना नीट बांधलेला आहे.

पण मी बघितलंय की या जिन्यावर मुलं कशी चढतात. पूर्वी मी शिकवत असलेल्या एका कॉलेजात कौशल्याच्या विषयाची प्रात्यक्षिकं वहीतच व्हायची. ‘एका लघुउद्योगाला भेट’ असं शीर्षक, खाली आखीव उत्तरं, सगळ्या वर्गाची एकसारखी. भेट कोणीच दिलेली नसायची. मी त्या वह्यांवर सह्या केल्या आहेत. आज या खोलीत बसून त्या सह्यांची मला खंत वाटते. ती मुलं आता तिशीत असतील. त्यांतल्या कितींना उधारीचा हिशेब आयुष्यानं शिकवला असेल, आणि त्याची किंमत किती मोजावी लागली असेल!

एक काटा, एक पिशवी शेंगा, एक म्हातारा आढत्या आणि दहा मिनिटं लावलेलं घड्याळ. मोठच्या या खोलीतलं एकूण साहित्य एवढंच. हे न मिळण्यासारखं एकही कॉलेज महाराष्ट्रात नाही. तासगावात बेदाण्याचे सौदे होतात, जळगावला केळीचे घड मोजले जातात, येवल्यात पैठणीचा माग चालतो, कोल्हापुरात चपलेचं कातडं कापलं जातं, कोकणात काजू सोलले जातात. प्रत्येक ठिकाणी माल आहे, माणसं आहेत, उधारी आहे. आणि प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी आईचे, मावशीचे, काकूचे हात आहेत ज्यांचा हिशेब कुठंच लिहिलेला नाही. काजूगराच्या किमतीत टरफलातल्या तेलानं पोळलेली बोटं धरली जातात का, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारता येतो. त्याला वेगळं पुस्तक लागत नाही.

निघायची वेळ होते. बस हमरस्त्यावर मिळेल. मुलं फाटकापर्यंत सोडायला येतात. बारावीची मोडी मागून धावत येते आणि वही उघडून दाखवते. फळ्यावरचा हिशेब तिनं उतरवून घेतलाय, रेघा पट्टीनं मारल्यात. मजुरीच्या ओळीत मात्र तिनं नुसता आकडा लिहिलेला नाही. तिथं आहे : ‘अम्मा, ४५ मिनट, ३० रुपये’.

“घरी दाखवणार?” मी विचारते.

“हओ. पप्पांना दाखवणार.”

बस येते. खिडकीतून मटाराची शेतं मागे जाऊ लागतात. शेतांत वाकून शेंगा तोडणाऱ्या बायकांच्या रांगा दिसतात, संध्याकाळच्या उन्हात लांब सावल्या पडलेल्या.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझं एवढंच सांगणं आहे. या सत्रात तुमच्याकडे कौशल्याचा तास असेल, तर पहिल्या दिवशी स्लाइड लावू नका, व्याख्या सांगू नका. मुलांना एकच गोष्ट लिहून आणायला सांगा : आज आपल्या घरात विकण्याजोग्या कामावर कोणी किती वेळ घातला, आणि बाजारात त्याची मजुरी किती होते. तो रकाना भरून आला की मगच पुढची पायरी शिकवायला घ्या.